मागचा गोंगाट

रुक्सान्द्राच्या मार्गदर्शक, साठीच्या ओटिलियाबाईंनी हेडफोन काढून टेबलावर आपटले. हुकूमशहाच्या काळात, गुप्त पोलीस छुपे मायक्रोफोन लावून घराघरांतलं बोलणं ऐकत असताना, रुमानियातली माणसं घरात काय बोलायची, हा रुक्सान्द्राच्या संशोधनाचा विषय. आणि तिने आणलेली एकही मुलाखत धड ऐकू येत नव्हती.

"कुठे रेडिओ केकाटतोय, कुठे नळ सुटलाय. खरं सांग, घरच्याच काका-मामांना बोलायला बसवलंस ना? आवाज ओळखू येऊ नयेत म्हणून हा गोंगाट!"

"शप्पथ बाई! मी रेकॉर्डर चालू केला की ती म्हातारी माणसं आपणहून उठायची आणि रेडिओ मोठा करायची."

"मग हे टिपणांत का नाही?"

"मला ते महत्त्वाचं वाटलं नाही."

"मला बनवू नकोस. आता आपलं बोलणंही रेकॉर्ड कर आणि घरी जाऊन ऐक. कुठे अडखळतेस ते तुझं तुलाच कळेल."

रुक्सान्द्राने बटण दाबलं. बाई उठल्या, कोपऱ्यातल्या बेसिनपाशी जाऊन आल्या आणि टेबलावर वाकून दबक्या आवाजात म्हणाल्या, "हं, बोल. कोण होती ती माणसं?"

रुक्सान्द्राने बेसिनकडे बघितलं.

"बाई, आधी तो नळ बंद करता का?"