सातवी काच

“अजून वारा लागून राहिला,” वच्छला मागच्या सीटवरून ओरडून म्हणाली, आणि मारोतरावांनी कन्हानच्या पुलाच्या अलीकडे मोटरसायकल कचकन बाजूला घेतली.

वारा अडवायला हँडलपुढे बसवलेली ही सातवी काच होती. काच म्हणायची आपली. होता तो पाण्याच्या वीस लिटरच्या जारचा उभा कापलेला तुकडा, गॅसवर शेकून वाकवलेला, आणि वरच्या काठाला जुन्या हेल्मेटची पारदर्शक झडप क्लिपांनी अडकवलेली. त्याआधी सदर बाजारातून आणलेली अॅक्रिलिकची शीट झाली. फोटोच्या फ्रेमचं प्लास्टिक झालं. हेडलाइटच्या वर दोन बोटं फट ठेवून पाहिली, बुजवून पाहिली, पुन्हा ठेवून पाहिली. मारोतरावांच्या स्वतःच्या डोक्याला लागणारा वारा केव्हाच थांबला होता. पण मागे बसणाऱ्या माणसाचं काय होतं, ते पुढच्याला कसं कळणार? ते वच्छलाच सांगणार. आणि वच्छला दर रविवारी एकच सांगायची.

सगळी भानगड रामटेकच्या एका लग्नापासून सुरू झाली. येताना हायवेवर वाऱ्याने तिचं डोकं हेल्मेटसकट असं काही गदागदा हलवलं की दोन दिवस तिची मान वळेना. धंतोलीच्या डॉक्टरांनी बजावलं, पुन्हा असा मार बसला तर गाडीवर बसणं कायमचं बंद. बाजारात तयार काच मिळत होती. पण कोळसा खाणीत चौतीस वर्षं फिटर राहिलेला माणूस विकतची काच लावेल? खाणीत रविवार म्हणजे मशिनींच्या दुरुस्तीचा दिवस, म्हणून या माणसाने उभ्या नोकरीत रविवार पाहिला नाही. त्याच्या हाताखालून गेलेली मशीन पुन्हा तक्रार घेऊन आली नाही. आणि इथे एक प्लास्टिकचा तुकडा त्याला सात आठवडे नाचवत होता.

म्हणून त्यांनी परवाच जाहीर करून टाकलं होतं की सातव्या काचेनेही नाही जमलं तर गाडी वच्छलाच्या भावाला, भैय्याजीला, देऊन टाकायची. फोन केला की तो आज संध्याकाळीच न्यायला येणार होता. नंतर जिथे जायचं तिथे बसने जायचं, नाहीतर घरी बसायचं.

“जमलं नाही,” मारोतराव म्हणाले. “भैय्याजीले फोन करतो.”

पुलाजवळच्या टपरीवर वच्छलाने नेहमीसारखे तर्रीपोहे मागवले. या बाईचाही मारोतरावांना मनस्वी राग यायचा. गाडीची ट्रायल घ्यायला निघालोय, तर ही जांभळी साडी नेसून, पावडर लावून तयार. इथे नवरा पान्हा घेऊन काचेखाली वाकलाय, तर ही तर्री अजून वाढून घेतेय आणि नदीकडे बघत बसलीय. आज मात्र तिने अर्धे पोहे तसेच ठेवले. मग हळूच म्हणाली की एवढी मेहनत घेतलीच आहे, तर अजून एक काच करून पाहायला काय हरकत आहे. मारोतरावांनी तिच्याकडे रागाने पाहिलं आणि पुन्हा पान्हा उचलला.

नट आवळता आवळता त्यांना एकदम खाणीतली गोष्ट आठवली. जमिनीखाली हवा कुठून किती येते हे पाहायचं असलं, की ते कापडाची चिंधी टांगायचे. चिंधी हलली तर हवा आहे, नाही हलली तर नाही. हात तेरीच्या! सात आठवडे हे सुचू नये? गाडी पुसायच्या फडक्याची त्यांनी एक पट्टी फाडली आणि वच्छलाच्या हेल्मेटला कानापाशी चिकटपट्टीने डकवली. तिने विचारलंही नाही. सात आठवड्यांत या माणसाने काय काय कुठे कुठे चिकटवलं, ते विचारणं तिने सोडून दिलं होतं.

परतीच्या रस्त्यावर गाडी साठच्या वर गेली. मारोतरावांनी आरसा फिरवून त्यात तिचं हेल्मेट धरलं.

चिंधी सरळ खाली लोंबत होती. जराशी हलायची, पुन्हा गप्प.

त्यांनी वेग अजून वाढवला. चिंधी तशीच. त्यांनी ओरडून विचारलं, आता कसं आहे? मागून उत्तर आलं की वारा लागतोय, पण पहिल्यासारखा नाही, अजून एखाद-दोन काचांत नक्की जमेल, भैय्याजीला एवढ्यात बोलावू नका.

मारोतरावांचं डोकंच फिरलं. त्यांनी गाडी एका कडुलिंबाखाली उभी केली आणि तिला खाली उतरायला सांगितलं. ती चिंधी उपटून तिच्या तोंडापुढे धरली. हिच्यासाठी हाताला तीनदा चटके बसले. हिच्यासाठी शेजारीपाजारी हसले. आपल्या हाताला आता काही येत नाही असं म्हणत रात्र रात्र तळमळलो, गाडी द्यायला निघालो, आणि ही खुशाल खोटं बोलते.

“कधीपासून बंद आहे वारा?”

वच्छलाने हेल्मेट काढून पोटाशी धरलं. तिने वर पाहिलं नाही.

“दुसऱ्या काचेपासून.”

“मंग सांगितलं काहून नाही वं?”

“सांगितलं असतं,” ती म्हणाली, “तर तिसऱ्या रविवारी तुम्ही मले कुठं नेलं असतं?”