माशांची पसंती

मासे टाकी बघायला आले होते. त्यांचं बोलणं समजणारं यंत्र निघाल्यापासून मासे नुसते विकत घेता येत नसत. त्यांना घर पसंत पडावं लागे.

निरंजनने इस्त्रीचा शर्ट घातला होता. त्याची बायको शलाका हिने पोह्यांऐवजी बशीत डासांच्या अळ्या मांडल्या होत्या.

पाण्याच्या पिशवीतून सहा इवलेसे निऑन मासे टाकी न्याहाळत होते.

"हीटर आहे, झाडंही आहेत," त्यांच्यातले वडीलधारे मासेराव यंत्रातून म्हणाले. "पाणी कधी भरलंत?"

"आज सकाळीच! एकदम ताजं!" निरंजन उत्साहाने म्हणाला.

पिशवीतल्या माशांनी एकमेकांकडे पाहिलं.

"बरं. आम्ही घरी जाऊन कळवतो."

निरंजनचा चेहरा पडला. 'कळवतो' म्हणजे नकार, हे त्याला चांगलं ठाऊक होतं. त्याने तर सहाही जणांची नावं ठरवली होती.

"अहो, रडता काय?" मासेराव म्हणाले. "पाणी कच्चं आहे, त्यात आम्ही आजारी पडू. महिनाभर लोणच्यासारखं मुरू द्या, मग येतो."

"बघ," शलाका त्याची पाठ थोपटत म्हणाली, "मीसुद्धा तुला 'कळवते' असंच म्हटलं होतं."

"मग मुरले का हे?" मासेरावांनी विचारलं.

शलाकाने नवऱ्याला नीट निरखलं.

"अजून कच्चाच आहे. पण मला मानवलाय."