वाढवलेलं खातं

लाभपंचमीच्या, म्हणजे दिवाळीनंतर धंदा पुन्हा उघडायच्या दिवशी, सकाळी अकरा वाजता मनहरभाई कामावर हजर झाले. मोरबीतल्या कालरियांच्या टाइल कारखान्यात, अवधेशच्या पडद्यावर, त्यांचं नाव हिरवं झालं.

अवधेश संगणकांचं काम बघायला दसऱ्यानंतर इंदूरहून आला होता. माणसं अजून ओळखीची व्हायची होती. नावापुढे 'मुनीम' असं लिहिलं होतं, पण हे मुनीमजी बिलं बघत नव्हते. नव्या वर्षाची डिझाइनं एकेक करून उतरवून घेत होते.

"हर्षाबेन, मनहरभाई कुठे बसतात?"

"वर," ऑफिस सांभाळणाऱ्या हर्षाबेन म्हणाल्या. "नवरात्रात गेले बिचारे."

अवधेशने पडदा त्यांच्याकडे फिरवला. "शेठना बोलवा."

"मुहूर्ताची पूजा चाललीय. उठायचे नाहीत ते."

"मग डिझाइनं उठतील."

वशरामशेठ कपाळावर ओलं कुंकू घेऊनच आले. डिझाइनं उद्या गिऱ्हाइकांना दाखवायची होती. फाइली हाती लागल्या, तर शेजारचा कोणताही कारखाना संध्याकाळपर्यंत त्याच टाइली भट्टीतून काढू शकत होता.

"मुनीमजींना बिलांपलीकडे काही उघडत नव्हतं," शेठ म्हणाले. "डिझाइनं त्यांना दिली कोणी?"

"तुम्ही." अवधेशने मोबाइल पुढे केला. धनतेरसचा शेठचा निरोप होता : मनहरभाईचं खातं वाढवून टाक. "वाढवलं. सगळ्या फाइली खुल्या करून दिल्या."

हर्षाबेननी कपाळाला हात लावला. "अरे इंदूरी पोह्या, दुकान वाढवलं म्हणजे काय केलं?"

"मोठं केलं."

"कुलूप लावलं! धनतेरसला 'बंद' असं कोण तोंडातून काढेल?"

"त्याला अक्कल नंतर शिकव," शेठ म्हणाले. "अवधेश, तू आधी तार उपट."

"फाइली हैदराबादच्या भाड्याच्या सर्व्हरवर आहेत, शेठ. इथली तार उपटली, तर फक्त आपल्याला दिसायचं थांबेल. मनहरभाईंचा पासवर्ड कोणाला माहीत होता?"

"सगळ्यांना," हर्षाबेन म्हणाल्या. "कुलदेवीचं नाव, उमिया माता, पुढे एक-दोन-तीन."

"त्यांचा पासवर्ड सगळ्यांना माहीत?"

"सगळ्यांचा तोच आहे. मनहरभाईंनीच लावून दिलेला. म्हणायचे, एका आईची लेकरं, दहा पासवर्ड कशाला?"

अवधेशचे हात कळांवरून खाली आले. "शेठ, मग सगळीच खाती बंद करू द्या. आत्ताच्या आत्ता. नवे पासवर्ड लावायला तासभर लागेल."

बाहेर राजकोटचे व्यापारी बसले होते. वर्षाचा पहिला सौदा त्यांचा. तो मुहूर्तावर संगणकात चढायला हवा होता, आणि मुहूर्त टळायला तासभरसुद्धा उरला नव्हता.

"आजच्या दिवशी? सगळी?" शेठनी मान हलवली. "मनहरभाईचं तेवढं काढ. बाकीचं मुहूर्तानंतर बघू."

"काढ म्हणजे काय? एका शब्दात सांगा. बंद करू?"

शेठनी दाराबाहेर, पूजेच्या पाटाकडे पाहिलं. "काढ म्हटलं ना."

अवधेशने कळ दाबली. मनहरभाईंचं नाव करडं झालं. उतरणारी फाइल अर्ध्यावर थांबली. हर्षाबेननी हात जोडले. शेठ उपरणं सावरत व्यापाऱ्यांकडे निघाले.

"शेठ, थांबा. तुम्ही मोबाइलवर काही उघडलंय?"

"माझा मोबाइल पाटावर आहे, मातेपुढे. का?"

अवधेश बाजूला सरला. पडद्यावर दुसरं नाव हिरवं झालं होतं : वशरामभाई कालरिया.

अर्ध्यावर थांबलेली फाइल पुढे सरकू लागली.