गाळाचा होकार

सायत्राबाई डोंग्यातून तळ्यात उतरली. इथल्या गाळात शिंगाड्याचे वेल धरतील का, हे तिचे पाय सांगणार होते. ती नाही म्हणाली, तर सुनेला कामासाठी गाव सोडावं लागणार होतं.

पोटरीपर्यंत गाळ लोण्यासारखा, खाली कडक तळ. पहिल्याच पावलाला तिला कळलं. तरी ती चालतच राहिली. घरी उंबऱ्याशी कुरकुरणारे गुडघे इथं गप्प होते. ती पुन्हा दहा वर्षांची झाली होती आणि पुढं बाप पायाच्या अंगठ्यानं वेल गाळात दाबत चालला होता.

"आई, झोपलात की काय पाण्यात?" डोंग्यातून सून ओरडली. "येतील का शिंगाडे?"

"भरून येतील. पण वेल मीच लावणार."

"या वयात?"

"ढिवराची पोर हाय मी."

सुनेनं पदर खोचून पाण्यात पाय सोडले. "मग मलाही शिकवा."