एकच डोंगर

"एकच डोंगर काढलाय हो सगळीकडे! तिकीट असतं ना, तर अर्धे पैसे परत मागितले असते मी."

चित्रकाराच्या मेहुण्याने हे शेजारच्याच्या कानात सांगितलं. पण त्याची कुजबुज म्हणजे दुसऱ्याचं भाषण, प्रदर्शन भरलेल्या वाचनालयाच्या सभागृहात पार पलीकडच्या भिंतीपर्यंत पोचली. चित्रकाराच्या बायकोने भावाकडे डोळे वटारून पाहिलं.

"बारक्या, आधी आत तर ये. मग बोल."

बारक्या म्हणजे दार अडवून उभा राहील असा पन्नाशीचा गृहस्थ, नदीपलीकडच्या दगडाच्या खाणीचा मालक. फ्रेमा आल्या त्याही त्याच्याच ट्रकमधून.

सकाळी तिने नवऱ्याला हळूच सुचवून पाहिलं होतं, "अहो, शेवटची चार-पाच चित्रं नाही लावली तर? तो येणार आहे. माझा एकुलता भाऊ आहे तो, दुखावला तर परत पाऊल टाकायचा नाही घरात."

"मग पहिलीही नको लावायला," तो म्हणाला आणि एक डोळा मिटून फ्रेम सरळ आहे का ते बघत राहिला.

शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेला हा माणूस. दर हिवाळ्यात नदीच्या अलीकडच्या काठावर, त्याच दगडावर बसायचा आणि समोरचा डोंगर जलरंगात काढायचा. वर्षाला एक. कॅलेंडरवाल्यांनी धबधबे मागितले, मोठ्या शहरातल्या कलादालनाने विषय बदला म्हणून सांगितलं. 'डोंगर बदलतो की! मी कशाला बदलू?' म्हणत त्याने दोघांनाही वाटेला लावलं. शाळेचा पगार होता म्हणून ही ऐट परवडली, असं बायको म्हणायची. कागदावर ऊन नको म्हणून छत्री धरून शेजारी उभी मात्र दरवर्षी तीच असायची.

आज सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. प्रत्येक चित्राखाली नुसतं साल, नाव नाही. जो तो आपापलं साल शोधत होता. एक म्हातारं जोडपं एका चित्रापाशी थांबलं.

"हे बघा, आपल्या लग्नाचं वर्ष! काय हिरवा होता हो!"

"डोंगर की मी?"

"डोंगर. तुम्ही तेव्हाही असेच होतात."

एका जुन्या विद्यार्थिनीने विचारलं, "सर, इतक्या वर्षांत एकदाही पुसावंसं वाटलं नाही?"

"पाण्याला मागे बोलावता येत नाही गं. जिकडे गेलं तिकडे गेलं. आपण बघायचं आणि कबूल करायचं."

तेवढ्यात ग्रंथपालबाई स्टुलावर चढल्या. चित्रं आता खाली उतरणार नाहीत, म्हणाल्या. आजपासून हे सभागृह या चित्रांचंच. टाळ्यांनी खिडक्यांची तावदानं थरथरली. आयुष्यभर 'डोंगरवाले मास्तर' म्हणून हसण्यावारी गेलेला तो माणूस लाजून चष्मा पुसत बसला, आणि बायको सगळ्यांदेखत रडली. इतकी वर्षं छत्री धरून अवघडलेला हात तिने मोकळा सोडला होता.

मेहुणाही टाळ्या वाजवत पुढे सरकत होता. दुसऱ्या भिंतीशी थांबला. डोंगराच्या उजव्या खांद्यावर नखाएवढी पांढरी खाच होती.

"इथे काय, रंग संपला?"

तो पुढे सरकला. पुढच्या वर्षी खांदा नव्हता. त्याच्या पुढे कंबरेपर्यंतचाच डोंगर. गर्दीचा आवाज बसत गेला. कोणाला बुटाची नाडी सैल वाटू लागली, कोणाला छताचा पंखा बघावासा वाटला. गावातली अर्धी माणसं त्या खाणीवर कामाला होती, उरलेल्या अर्ध्यांची घरं तिच्या खडीवर उभी होती. हे सभागृहसुद्धा.

शेवटच्या चित्रात नदी होती, काठ होता. वर कोरा कागद.

"भाऊजी, हे अर्धवट राहिलं वाटतं!" मेहुणा मोठ्याने हसला. "डोंगर काढा की. तुम्हाला तर पाठ असेल. माझ्या नव्या ऑफिसात समोरच लावतो."

"पाठ आहे. पण मी पाठचं काढत नाही, समोरचं काढतो."

"मग समोर काय होतं?"

"धूळ. पांढरी. जलरंगात पांढरं म्हणजे कागद सोडून द्यायचा."

"चहा... चहा घ्या ना सगळे," ग्रंथपालबाई म्हणाल्या.

मेहुणा वळला आणि पहिल्या चित्रापाशी गेला. लोक वाट देत गेले. त्याने नाक काचेला जवळजवळ टेकवलं. डोंगराच्या पोटावरून कुंचल्याच्या एका फटकाऱ्याने वर गेलेली पायवाट तो बोटाने, काचेला न शिवता, चढत राहिला.

"ताई, ही आपली वाट ना?"

"हो. वरच्या वळणावर तू पडला होतास."

"गुडघा फुटला होता."

"नुसता फुटला? अख्खा डोंगर डोक्यावर घेतला होतास रडून. मी पाठुंगळी घेऊन आले तुला खाली."

चित्रकाराने एक खुर्ची ओढून त्याच्यामागे ठेवली. तो बसला नाही. एकेक साल वाचत, भिंतीच्या कडेकडेने तो पुन्हा शेवटच्या कागदापर्यंत चालत गेला. तिथे पाठमोराच थांबला.

"ताई," तो म्हणाला, "मी खाल्ला गं हा डोंगर."