ढोलाचं फाटलं पान

"ताई, पट्टा कमरेला काचतोय हो," केतकी ढोल बांधता बांधता कुरकुरली.

"काचू दे. रविवारी मिरवणूक आहे," स्नेहलताई म्हणाल्या. पथक उभारून त्यांना बावीस वर्षं झाली होती. शहर वाढत गेलं आणि चहूकडे काचांचे मनोरे उभे राहिले, तिथून आवाजाच्या तक्रारी येऊ लागल्या. तेव्हापासून पथकाचा एकदाच ध्वनिमुद्रित केलेला ठेका वादक आणि बघे, सगळ्यांच्याच कानातल्या यंत्रांत वाजायचा. मुलं त्याबरहुकूम ढोलावर टिपरू नुसतं टेकवायची. तक्रारी थांबल्या, पथक टिकलं, म्हणून पेढेसुद्धा वाटले होते.

पट्टा सैल करायला त्या वाकल्या. ढोलाच्या चामडी पानावर हात टेकला, तो थेट आतच गेला.

"कधी फाटलं गं हे?"

"गेल्या गणपतीत असेल. ऐकायला छान येतं ना, म्हणून कळलंच नाही."

ताईंनी सगळ्या ढोलांवर हात ठेवून पाहिला. आणखी सात फाटके निघाले. त्यांना रागही आला नाही, रडूही नाही.

ताशावाला हर्षल म्हणाला, "ताई, आपण नाही गेलो, तरी रविवारी ठेका वाजेलच."