लीलाबाईंची तिरडी

तिरडीवर लीलाबाईंना शिंक येत होती. नाकात कापूस, अंगावर पांढरं कापड, आणि शेजारचा गेणबा खांदा देताना मुद्दाम हिसके देत होता.

सकाळी माले गावातल्या बायकांचा मोर्चा पोलिसांनी वळणावरूनच हाकलला होता. पुढे धरणाच्या पाण्याला लागून परदेशी वकिलातीचा बंगला. तिथे त्यांचा मोठा साहेब सुट्टीला येणार होता. त्याच्या देशात युद्ध पेटलं होतं आणि लीलाबाईंचा नातू ओम तिकडेच बांधकामावर सळया बांधत होता. ‘युद्ध थांबवा, आमची पोरं परत पाठवा’ असे फलक फौजदारांनी जीपमध्ये टाकले.

“जमावबंदी आहे. लग्न आणि मयत सोडून चारच्या वर माणसं दिसता कामा नयेत.”

“लग्नाचं माझं वय न्हाई,” लीलाबाई म्हणाल्या, आणि घरी जाऊन त्यांनी तिरडी बांधायला सांगितली. स्मशानाची वाट बंगल्याच्या फाटकावरूनच जात होती.

आडवं पडायची रीत घरातलीच. धरण बांधलं तेव्हा त्यांच्या सासूबाई पोलिसांपुढे अशाच आडव्या झाल्या होत्या. तेव्हाचे पोलीस गोऱ्या साहेबाचे होते. बाकी फारसा फरक नव्हता.

पुढे मडकं धरून शेखर चालला होता, लीलाबाईंचा मुलगा, ओमचा बाप. त्याला खोटं रडता येईना. मग ओमचा फोन कालपासून लागत नाही हे आठवलं, आणि खरंच रडू आलं.

वळणावर फौजदार आडवे आले.

“सकाळी तर चांगल्या भांडत होत्या!”

“त्यातच गेल्या,” गेणबा म्हणाला. “तुमी हाकललं, ते जिवाला लागलं.”

फौजदारांचा चेहरा उतरला. त्यांनी टोपी काढली. तेवढ्यात नाकापाशी कापड वरखाली होताना त्यांना दिसलं.

“थांबा! हवालदार, बघा जरा.”

हवालदार पीरमहंमद पौडचे. सकाळपासून त्यांचं बंदोबस्तात लक्ष नव्हतं. सारखा मोबाईल कानाला लावत आणि खिशात टाकत. ते वाकले, कापड उचललं, आणि लीलाबाई त्यांच्या तोंडावरच शिंकल्या.

“कोण शिंकलं?”

पीरमहंमदांनी रुमालाने तोंड पुसलं. “मीच साहेब. गेल्यात म्हातारबाई. पार थंड पडल्यात.”

“आणि कापड हलतंय ते?”

“धरणावरचं वारं हाय.”

एवढं बोलून त्यांनी गेणबाला बाजूला केलं आणि खांदा स्वतः घेतला. फौजदारांनी वाट सोडली. फाटकापाशी वकिलातीच्या साहेबाची गाडी नुकतीच येऊन थांबली होती.

“हवालदार,” कापडाखालून आवाज आला, “नोकरी जाईल की तुमची.”

“गप पडा, काकू. फाटकात उठून बसाल तवा ओमच्या जोडीनं आमच्या पोराचं, आयानचंबी नाव घ्या. त्याचाबी फोन लागंना.”